दोन खळगे

सोफेवाल्याने खुर्ची पालथी घातली, तळाचं कापड एका झटक्यात टरकावलं आणि तोंडाला रुमाल बांधायचा राहून गेल्यामुळे कितीतरी वेळ नुसता शिंकत राहिला.

"साबणवाल्यांच्या घरात एवढी धूळ!" भिंतीशी उशा रचून बसलेली चिमी म्हणाली. "अख्ख्या गावाला आंघोळ घालतात आणि खुर्ची मात्र पारोशी."

"तू लांब बस. खोकला येईल तुला."

"खोकतंय कोण, बाबा?"

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला तागाच्या पट्ट्यांची भेंडोळी, दुसऱ्या बाजूला उघडेवाघडे सोफे, आणि मधून जाण्यापुरती वाट. मागे शिलाईच्या मशीनवर त्याची बायको पडद्यांच्या कडा मारत होती. पाय न थांबवता तिने विचारलं,

"विचारलंत का त्यांना?"

"मावशींना विचारलं."

"मावशी स्वयंपाक करतात तिथे. खुर्ची त्यांची आहे का?"

"साहेब आणि बाई बाहेरगावी आहेत. ते यायच्या आत खुर्ची परत जागेवर. बघतील तेव्हा कळेलच."

"काय कळेल?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. त्याने पक्कड उचलली आणि बैठकीच्या कडेचे खिळे एकेक उपटायला लागला.

माणसांचे चेहरे तो विसरायचा, बैठका विसरायचा नाही. गिऱ्हाइकाने आणलेली खुर्ची उलगडली की त्याला त्या घरातलं बरंच काही दिसायचं. कोण डाव्या कुशीवर रेलून वर्तमानपत्र वाचतं, कोण पाय पोटाशी घेऊन बसतं, कोणता हात दुखरा म्हणून दुसऱ्यावर सगळा भार येतो. हे तो कुणाला सांगत नसे. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं. पण आजच्या खुर्चीपुढे त्याची मती गुंग झाली. पाठीचं कापड जुनं होतं, पण घासलेलं नव्हतं. तिला कुणी कधी टेकलंच नव्हतं. बैठकीचा मधला भाग कोऱ्यासारखा फुगीर. आणि पुढच्या कडेला, एकमेकांपासून हातभर अंतरावर, दोन खळगे. वाटीएवढे रुंद आणि वाटीहून खोल. त्यांच्याखालच्या स्प्रिंगासुद्धा वाकल्या होत्या.

"ही बघ गंमत," तो बायकोला म्हणाला.

ती उठून आली, कमरेवर हात ठेवून तिने पाहिलं. "मांजर असेल."

"दोन मांजरं? रोज आपापल्या जागेवर?"

"मग कुणीतरी सारखं उठायच्या तयारीत बसत असेल. कडेवर."

"कडेवर बसलं तर एकच खळगा पडतो. मधोमध."

"माझ्यासारखी पाठ असेल त्या माणसाची," चिमी म्हणाली. "वाकडा माणूस वाकडाच बसणार."

तो हसला, आणि मग हसू तसंच तोंडावर राहून गेलं. त्याने खळग्यांतला काथ्या बोटांनी उकरला. दगडासारखा दबला होता. असला अस्सल काथ्या हल्ली बघायला मिळत नाही. आता सगळा फोम. त्याने तो सगळा बाहेर काढला, गाठी सोडवल्या, पिंजून पिंजून ढीग केला. काथ्या पुन्हा जिवंत झाल्यासारखा हाताखाली उसळू लागला. सोफेवाल्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

त्या बरं वाटण्याचं कारण असं.

चिमीचा कणा गेली काही वर्षं एका बाजूला वळत चालला होता. आधी दप्तराचं ओझं म्हणून सोडून दिलं, मग शेजारणीने सुचवलेले व्यायाम झाले, मग पट्टा झाला. शेवटी डॉक्टरांनी काचेवर तिच्या पाठीचा फोटो लावून दाखवला, तेव्हा सोफेवाल्याला वाटलं, एवढी वाकडी चौकट दुकानात आली असती तर आपणही हात जोडून परत पाठवली असती. आता ऑपरेशन. नाही केलं तर पुढे श्वासाला जागा उरणार नाही. आकडा ऐकून नवराबायको दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते, आणि चिमीच त्यांना उठा म्हणाली होती.

त्याच सुमारास साबणाच्या कारखान्याच्या मालकीणबाई दुकानात आल्या. त्यांच्या प्रार्थनामंदिरातल्या बाकांना उशा करून हव्या होत्या. साबणवाले साहेब आणि बाई येशूचे भक्त आहेत, श्रीमंत आहेत आणि कुणाच्या ना कुणाच्या घरासाठी काही ना काही करत असतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी कापड पाहता पाहता चिमीकडे पाहिलं. बरगडीखाली हात धरून ती श्वास घेत होती. बाईंनी दोन-चार गोष्टी विचारल्या, त्याने दोन-चार सांगितल्या. तेवढंच. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून निरोप आला, सगळी सोय झाली आहे, तारीख ठरवायला या.

सोफेवाला त्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून त्यांच्या घरी गेला. साहेब कारखान्यात होते. बाईंना तो म्हणाला, "बाई, मी काय करू तुमच्यासाठी? सांगाल ते करीन."

बाई म्हणाल्या, "काही नको हो. तुम्ही फक्त लेकीला वेळेवर घेऊन या."

हे 'काही नको' त्याच्या जिव्हारी लागलं. त्याच्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, त्याने हे सांगायला नको होतं. मेहुणा विमा विकायचा. जगात प्रत्येक गोष्टीखाली बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, यावर त्याचा गाढ विश्वास होता.

"आज अंग धुतात, उद्या आत्मा धुतील," तो म्हणाला. "बघा तुम्ही दाजी. आधी सभेला बोलावतील. मग स्टेजवर उभं करून सांगायला लावतील, मी कसा बुडत होतो नि कसा तरलो. मग फोटो."

"बोलावलं नाही अजून."

"बोलावतील ना! ऑपरेशन होऊ दे की."

सोफेवाल्याने वाट पाहिली. कुणी बोलावलं नाही. कुणी फोटो काढायला आलं नाही. मंदिराच्या उशा द्यायला तो गेला, तर मजुरीही रोख हातावर ठेवली. ती सोडायला तो तयार होता, पण बाई ऐकेनात. त्याला रात्री-अपरात्री जाग यायला लागली. किंमत सांगितली असती तर माणूस म्हणाला असता परवडते किंवा नाही परवडत. हे असं लोंबकळत ठेवणं वाईट. आपण चिमीकडे बघायचं आणि तिच्या पाठीत दुसऱ्याची मेहेरबानी बघायची, हे आयुष्यभर?

म्हणून त्याने मावशींना गाठलं होतं. घरात काही मोडकं, काही उसवलेलं असेल तर सांगा. मावशी म्हणाल्या, सगळं धड आहे, झोपायच्या खोलीमागे एक बारकी खोली आहे, तिथली एक खुर्ची तेवढी अगदी भंगार झालीय. साहेब टाकू देत नाहीत, त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेली आहे म्हणे. सोफेवाल्याचे डोळे चमकले. वडिलांची खुर्ची! यापेक्षा चांगलं काय असणार?

त्याने तिला नवे पट्टे ओढले, वाकलेल्या स्प्रिंगा बदलल्या, पिंजलेला काथ्या भरून दाभणाने इतका घट्ट शिवला की वर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज यावा. गिऱ्हाइकांना दाखवायचं सोडून जपून ठेवलेलं गर्द निळं कापड त्याने तिच्यासाठी काढलं. बायकोने त्या कापडावरून एकदा हात फिरवला. ती आपण होऊन मशीनवर बसली आणि कडेची गोट शिवून दिली.

"लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय," चिमी म्हणाली.

खुर्ची जागेवर ठेवून तो घरी आला आणि पोटभर जेवला.

साहेब आणि बाई परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानापुढे त्यांची गाडी थांबली. आत फक्त ड्रायव्हर होता. "साहेबांनी बोलावलंय. येता का लगेच?"

मेहुणा नेमका चहाला आलेला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "आलं बिल."

"गप रे," त्याची बहीण म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. ऑपरेशन येत्या सोमवारी होतं. ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "काही बोलले तर ऐकून घ्या. उलट बोलू नका. चिमीकडे बघून ऐकून घ्या."

गाडीतल्या मऊ सीटवर तो अंग चोरून बसला. सीटची शिवण कशी आहे हे बघायचंही त्याला सुचलं नाही.

बाईंनीच दार उघडलं. "या. आतल्या खोलीत आहेत ते."

साहेबांना त्याने लांबून पाहिलं होतं, जवळून पहिल्यांदाच पाहत होता. आडवातिडवा, जाडजूड म्हातारा माणूस. कारखान्याच्या घरघरीवरून बोलून बोलून आवाज कायमचा मोठा झालेला. अंगात घरातला जुना स्वेटर होता आणि त्याच्या कोपरांवर ठिगळं होती. ते खुर्चीसमोर उभे होते, नवीन पाहुण्यासमोर उभं राहावं तसे.

"तुम्ही केलंत हे?"

"हो साहेब."

"कापड सुंदर आहे."

सोफेवाल्याने मान हलवली.

"जुनं भरण टाकून दिलंत का?"

"छे छे! काथ्या अस्सल होता. तोच घातलाय, पिंजून. आता वर्षानुवर्षं बघायला नको."

"पिंजून," साहेब म्हणाले. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "बरं. परत पहिल्यासारखी होईल?"

"पहिल्यासारखीच केलीय साहेब. नवीन असताना होती तशी."

"नवीन असताना नव्हे हो," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दमल्यासारखा होता आवाज. "मी मोडली होती तशी."

आणि मग, जणू बोलून समजणार नाही हे त्यांना कळलं, त्यांनी खुर्चीचा हात धरला. एक गुडघा टेकवला. थांबले, श्वास घेतला, दुसरा टेकवला. एवढा मोठा देह खाली जाताना जुनं कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला. त्यांनी दोन्ही हात जोडले, कोपरं बैठकीच्या पुढच्या कडेला टेकवली आणि डोकं खाली घातलं. कोपरं नव्या कापडावरून सर्रकन घसरली. त्यांनी ती पुन्हा टेकवली. पुन्हा घसरली.

सोफेवाला पाहत राहिला. गालिच्यावर, साहेबांच्या गुडघ्यांखाली, लोकर झडून नुसती वीण उरलेले दोन गोल होते. तो आला तेव्हा त्याने खुर्चीच पाहिली होती; खाली त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आता त्याला सगळं दिसलं. एवढा चिवट काथ्या दगड होईपर्यंत दाबायचा तर माणसाने किती टेकावं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? बसून दबतो तो काथ्या वेगळा. बसणाऱ्याचा सगळा भार असतो, तो आरामात सोडलेला असतो. हे नुसत्या कोपरांनी झालं होतं. आणि स्प्रिंगा! पोलादाची स्प्रिंग कोपराने वाकायला माणसाचं अख्खं आयुष्य लागलं असणार. गावातल्या निम्म्या बैठका त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. ज्या खुर्चीवर कुणी कधी बसलंच नाही अशी खुर्ची त्याने प्रथमच उघडली होती. आणि आपल्या हातांनी पिंजून टाकली होती.

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ते इथे नावं घेतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज, उजाडताना."

"कुणाची?"

"सगळ्यांची. ज्या ज्या घरासाठी प्रभूने आमच्या हातात काही दिलं, त्या घरांची."

"पैसे देण्यात काय आहे?" साहेब खालूनच म्हणाले. "सही केली की माणूस मोकळा. नाव मात्र रोज घ्यावं लागतं."

सोफेवाल्याने विचारलं, "चिमीचंसुद्धा?"

"चिमी कोण?"

"माझी मुलगी. शाळेतलं नाव वेगळं आहे. घरी चिमी म्हणतो."

"चिमी होय!" साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "आम्ही आपलं दवाखान्यातलं नाव घेत बसलो. चिमी." तोंडातल्या तोंडात त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितलं.

"साहेब, मला माहीत नव्हतं. मावशी म्हणाल्या भंगार झालीय, मला वाटलं…"

"तुम्हाला वाटलं काहीतरी द्यावं. कळतं मला."

"दुसऱ्या खुर्चीवर नाही का चालणार?"

"चालतं की. देवाला खुर्ची लागत नाही. मलाच लागते. या वयात कोपरं घसरली की मन घसरतं. कुठल्या घरापर्यंत आलो होतो तेच विसरतो."

सोफेवाला गडबडीने पुढे झाला. अपराधी माणसाला काम दिसलं की तो त्याच्यावर झडप घालतो. "कोपरं नेमकी कुठे पडतात ते दाखवा. मी दाबून देतो."

"कसं दाबणार? हातोडीने?"

"हातोडीने काथ्या तुटतो. तो अंगानेच दबतो."

"तुमचं अंग केवढं!" साहेब म्हणाले, आणि बाईंना एकदम हसू फुटलं.

पण तो तोवर गुडघ्यांवर आलाच होता. खुर्ची एक आणि माणसं दोन. साहेब जरा सरकले. त्याने आपली कोपरं निळ्या कापडावर त्यांच्या कोपरांशेजारी टेकवली आणि सगळा भार सोडला. काथ्याने त्याला उसळी मारून परत वर ढकललं. इतकं चोख काम केल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

"सकाळचं अर्धवट राहिलंय," साहेब म्हणाले, त्याला की बाईंना की आणखी कुणाला ते कळलं नाही, आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. तो मोठा आवाज आता इतका बारीक झाला होता की शेजारी असूनही कान द्यावा लागत होता. भाजीवाल्याची आंधळी आई. पुलापलीकडच्या शिक्षिकेची जुळी. आग लागली त्या घरातली भावंडं, त्यातल्या थोरल्याला झोप लागू दे. धोबीण, तिचा नवरा, नवऱ्याची दारू. खाणीतून परत आलेला तो खोकणारा माणूस. एका हाताचा वायरमन, आज त्याला काम मिळू दे.

वायरमन सोफेवाल्याच्या चांगल्या ओळखीचा होता. दुकानातलं बटण त्यानेच दुरुस्त केलं होतं, एका खऱ्या आणि एका खोट्या हाताने. तो खोटा हात कुठून आला हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि सोफेवाल्यानेही कधी त्याला चिमीचं सांगितलं नव्हतं. दोघेही हवापाण्याचं बोलत बसले होते.

सगळ्यात शेवटी, कारण घर नवीन होतं, चिमी आली.

त्यानंतर तो रोज सकाळी, साहेब कारखान्यात गेले की, जाऊन खुर्ची दाबायला लागला. मावशींना वाटलं खुर्चीचं काम अजून राहिलंय. एका अर्थी राहिलंच होतं. तो खाली बसायचा, कोपरं टेकवायचा आणि त्या शांत खोलीत भिंतीकडे बघत राहायचा. बोलत काहीच नव्हता. देवाशी त्याचा संबंध रस्त्यात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा. नमस्कार व्हायचा, बसणंउठणं नव्हतं. आपण काम करतोय, एवढंच तो स्वतःला सांगत होता.

मेहुण्याला हे कळलं तेव्हा तो टाळी वाजवून हसला. "गुडघे टेकायला लावलेच ना शेवटी!"

"कुणी लावले नाहीत. मीच टेकले," सोफेवाला म्हणाला. "काथ्या उभ्याने दबत नाही."

सोमवारी चिमीला आत नेलं. ढकलगाडीवरून जाताना ती म्हणाली, "बाबा, सरळ झाले की मी तुमच्यापेक्षा उंच दिसणार." दार मिटलं. किती वेळ लागेल ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सांगितलेला वेळ आणि बाहेरच्या बाकावरचा वेळ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. सोफेवाल्याला बसवेना. बाकाचं रेक्झिन एका कडेला उसवलं होतं. त्याने नकळत खिशातली सुई काढली.

"अहो, फाडताय काय ते!" नर्स ओरडली.

"फाडत नाही. शिवतोय."

"शिवू नका! बसा गप्प!"

तो गप्प बसला, आणि थोड्या वेळाने त्याची बोटं पुन्हा त्या शिवणीकडे गेली.

साहेब आले तेव्हा काठी टेकत आले. सोबत ना माणूस ना फुलं. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, बायकोला नमस्कार केला आणि सोफेवाल्याला बाजूला घेऊन, गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, "आज माझ्याच्याने नाही झालं हो. आजच नेमकं. कोपरं अजून सटकतात, आणि गुडघ्याने तर संपच पुकारलाय. मधेच उठावं लागलं."

सोफेवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने साहेबांचं बोलणं ऐकलं होतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "इथे बसून काय, बाक शिवणार? घर काय लांब नाही त्यांचं."

"तू एकटी…"

"मी बसतो ताईंजवळ," साहेब म्हणाले आणि त्या उसवलेल्या बाकावर अवघडून टेकले. एखाद्या बैठकीवर बसलेले साहेब सोफेवाला प्रथमच पाहत होता. बसल्यावर ते कुणाच्याही म्हाताऱ्या बापासारखे दिसत होते.

तो निघाला, दोन पावलं गेला आणि परत आला. कामाचं काही विचारायचं राहून जावं तसं त्याने विचारलं,

"कुठवर झाली होती?"

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "जुळ्यांपर्यंत. भावंडांपासून राहिलंय."

बारक्या खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं आणि निळ्या कापडावर पडलं होतं. त्याने गुडघे टेकले, कोपरं ठेवली. चिमी शेवटी होती. तिच्यापर्यंत जायला आधी सगळ्यांच्या दारांवरून जावं लागणार होतं. एकदा त्याच्या मनात आलं, तिचंच आधी घ्यावं, कोण बघतंय? पण साहेबांनी कधी तसं केलं नव्हतं. आणि त्या घरांतही आज कुणीतरी बाकावर बसलं असेल. त्याने घसा खाकरला. काय म्हणायचं ते त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने फक्त ती भावंडं डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, आणि ती दिसेपर्यंत थांबला. थोरल्याला झोप लागू दे. मग धोबीण. धोबिणीपाशी त्याला बराच वेळ लागला, कारण तिच्या नवऱ्याच्या जागी त्याला आपला स्वतःचा दारू पिणारा मोठा भाऊ दिसायला लागला, जो आता नव्हता. मग खोकणारा माणूस.

बाहेर फोन वाजला. बाईंचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग त्यांची भराभर पावलं.

"झालं!" त्या दारातूनच म्हणाल्या. एवढ्या बोलण्याने त्यांना धाप लागली होती. "नीट झालं सगळं. शुद्धीवर येतेय. ताईंनी फोन केला होता. पायाची बोटं हलवून दाखवली म्हणाल्या पोरीने."

सोफेवाल्याचं कपाळ निळ्या कापडावर टेकलं. त्याचे खांदे हलले, थांबले. तो उठला नाही. पायांना मुंग्या आल्या असतील म्हणून बाई पुढे झाल्या आणि त्यांनी हात दिला.

"ऐकलंत ना? चला. ड्रायव्हरला सांगितलंय, गाडी दारात आहे."

"ऐकलं, बाई," तो तसाच, डोकं न उचलता म्हणाला. "वायरमनचं राहिलंय. तेवढं झालं की निघतो."

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. आवाज न करता त्यांनी दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर चालू असलेलं गाडीचं इंजिन बंद झालं.